स्थानिक निवडणुकीची ड्युटी: आदेश हातात पडल्यापासून पावती मिळेपर्यंत

माझी भाची कॉलेजात शिकते. नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या तेव्हा तिने विचारलं, "मावशी, मला मतदान केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करायचंय, फॉर्म कुठे मिळतो?" तिला वाटत होतं, नाव नोंदवलं की टेबलामागे बसायला मिळतं. आपल्याकडे तसं नाही. मतदार यादी, शाई आणि यंत्र ज्यांच्या हाती असतं ते सगळे आदेशाने नेमलेले कर्मचारी असतात. त्यात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून, पालिकेचे आणि निमसरकारी नोकर येतात. 'मी येऊ का' असं कुणी विचारत नाही, 'या' असा कागद येतो.

नोकरीत नसलेल्या माणसाला तरीही दोन दारं उघडी असतात. पहिलं म्हणजे एखाद्या उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी होणं. लोक त्याला 'पोलिंग एजंट' किंवा नुसतं 'बूथवर बसणं' म्हणतात. दुसरं म्हणजे बाहेरची मदत: रांग लावणं, म्हाताऱ्या माणसांना व्हीलचेअरवरून आणणं, पाणी देणं. त्यासाठी बहुतेक वेळा एनएसएसची किंवा शाळा-कॉलेजची मुलं त्यांच्या संस्थेमार्फत घेतात. भाचीला मी हेच सांगितलं, 'तुमच्या एनएसएसच्या सरांना गाठ.'

पुढचं सगळं मुख्यतः ज्यांच्या हातात पहिल्यांदाच आदेश पडलाय त्यांच्यासाठी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मतदान अधिकारी क्रमांक दोनपासून केंद्राध्यक्षापर्यंत सगळ्या खुर्च्यांवर बसून झालंय. प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्यांनीही हे वाचावं. समोरच्या टेबलावर काय चाललंय हे कळलं, तरच तिथे बसण्याला अर्थ आहे.

विधानसभेचा अनुभव थोडा बाजूला ठेवा

लोकसभा-विधानसभेची ड्युटी केलेली माणसं इथेच फसतात. 'त्यात काय, मागच्या वर्षीच केलंय' म्हणून प्रशिक्षणात मागच्या बाकावर गप्पा मारत बसतात आणि मतदानाच्या दिवशी '१७ सी' (विधानसभेतला मतांच्या हिशेबाचा फॉर्म) 'कुठाय' म्हणून पिशव्या उपसतात.

स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी वेगळा राज्य निवडणूक आयोग आला. महाराष्ट्रात तो १९९४ पासून आहे. मतदार यादी विधानसभेचीच वापरतात, ती फक्त प्रभागांप्रमाणे फोडलेली असते. पण कायदे वेगळे आहेत: ग्रामपंचायतीला १९५८ चा, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९६१ चा, नगरपरिषदेला १९६५ चा, मुंबईला १८८८ चा आणि बाकी महापालिकांना १९४९ चा. म्हणून नमुने (भरायचे फॉर्म) आणि लिफाफ्यांवरची नावं निवडणुकीगणिक बदलतात. जी पुस्तिका हातात दिली जाईल तीच खरी. मागच्या निवडणुकीची जपून ठेवलेली पुस्तिका घरीच राहू द्या.

यंत्रातही दोन मोठे फरक आहेत. इथे व्हीव्हीपॅट नसतं, म्हणजे चिठ्ठी दिसत नाही. आणि एका मतदाराला बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. ग्रामपंचायतीत सरपंचाचं एक आणि आपल्या प्रभागातल्या सदस्यांची दोन-तीन. नगरपरिषदेत नगराध्यक्षाचं एक आणि सदस्यांची साधारण दोन. जिल्हा परिषदेच्या वेळी एक गटासाठी (जिल्हा परिषद सदस्य), एक गणासाठी (पंचायत समिती सदस्य). महापालिकेत मुंबई सोडली तर बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून चार मतं. तिथे अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी आणि ड ची फिकी निळी असते. मुंबईकर मात्र एकच बटण दाबून बाहेर पडतो.

दिवसभरातली निम्म्याहून अधिक गडबड या 'एकापेक्षा जास्त मतां'मुळेच होते.

आदेश आणि प्रशिक्षण

आदेश आला की आधी नाव, पद, केंद्रावरची नेमणूक आणि प्रशिक्षणाची तारीख बघा. नावात किंवा पदात चूक असेल तर लगेच कळवा. खरंच आजारपण असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, घरी मोठी अडचण असेल तर कागदपत्रांसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी 'साहेबांशी बोललोय' याला काडीची किंमत नाही. न सांगता गैरहजर राहिलात तर कारणे दाखवा नोटीस येते आणि गुन्हा दाखल होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

प्रशिक्षणात भाषण लांबतं, पंखे चालत नाहीत, चहा थंड असतो. ते सगळं सोसा, पण यंत्राला हात लावल्याशिवाय हॉलबाहेर पडू नका. केबल कुठे बसते, ती काढताना क्लिप कशी दाबायची, 'टोटल', 'क्लोज', 'रिझल्ट' आणि 'क्लिअर' ही बटणं कुठल्या झाकणाखाली आहेत, हे बोटांना माहीत हवं. पहाटे सहा वाजता चार प्रतिनिधी डोक्यावर उभे असताना झाकण शोधत बसणं फार लाजिरवाणं होतं.

तिथे आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. मतदार यादीवर पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी खूण कशी करायची. एखादा मतदार सगळी मतं न देताच निघून गेला तर काय करायचं. आणि स्वतःचं मत टपालाने द्यायची सोय कुठे, कधी आणि कोणत्या अर्जावर आहे. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि शेकडो लोकांची मतं घेऊन स्वतः कोरड्या बोटाने घरी येतात.

बाकीच्या मतदान अधिकाऱ्यांची ओळख इथेच करून घ्या आणि फोन नंबर लिहून घ्या. टीम बदलू शकते, तरी उपयोग होतो.

साहित्य घेताना घाई नको

मतदानाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या किंवा प्रभागाच्या ठिकाणी मांडव घातलेला असतो. लाउडस्पीकरवर केंद्रांचे नंबर पुकारतात आणि जो तो पिशवी उचलून गाडीत जागा पकडायला धावतो. जागा मिळेल. आधी खाली बसा आणि पिशवी रिकामी करा.

सगळ्यात आधी मतदार यादी. प्रभाग क्रमांक, केंद्र क्रमांक, पानं सलग आहेत का, पुरवणी यादी आहे का, आणि सगळ्या प्रती एकसारख्या आहेत का हे तपासा. एका निवडणुकीत मी घाईत मूळ यादी तेवढी बघितली. रात्री दहाला गावातल्या शाळेत कंदिलाच्या उजेडात पानं चाळताना लक्षात आलं की पुरवणी यादी एकाच प्रतीला जोडलेली आहे, चिन्हांकित प्रतीला, म्हणजे मतदार आला की जिच्यावर खूण करायची त्या प्रतीला, नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्यांना (काही केंद्रांवर देखरेख करणारे अधिकारी) फोन केला. बिचारे पहाटे पाचला मोटारसायकलवर घेऊन आले. त्या पुरवणीत बाविसेक नावं होती. ती सकाळी सात-चाळीसला समोर येऊन 'आमचं नाव कसं नाही' म्हणून भांडली असती.

मग यंत्र. कंट्रोल युनिट (अधिकाऱ्यांच्या टेबलावरचं) आणि बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो ते) यांच्यावरचे नंबर दिलेल्या तक्त्याशी जुळवा. उमेदवार जास्त असतील तर बॅलेट युनिटं एकापेक्षा जास्त मिळतात, त्यांचा क्रम बघा. बॅलेट युनिटवर लावलेली मतपत्रिका आपल्याच प्रभागाची आहे ना, सरळ बसली आहे ना, एखाद्या उमेदवाराचं चिन्ह किंवा नाव झाकलं गेलं नाही ना, हेही.

त्यानंतर प्रदत्त मतपत्रिका (ज्याच्या नावावर आधीच कुणी मत दिलंय त्याच्यासाठी), मतदार नोंदवही, मतदाराला द्यायच्या स्लिपा, शाई किंवा मार्कर, यंत्र मोहरबंद करायची हिरवी कागदी मोहर, टॅग, पितळी सील, लाख, लिफाफे. लिफाफे सांविधिक (कायद्याने ठरवलेल्या कागदांचे) आणि असांविधिक (बाकीच्या कागदांचे) असे दोन प्रकारचे असतात. ते तिथेच वेगवेगळे बांधून घ्या, म्हणजे संध्याकाळी स्वतःला शिव्या द्यायची वेळ येत नाही.

घरून काय न्यायचं? चार चालू पेनं, पट्टी, कात्री, चिकटपट्टी, स्टेपलर, रबरबँड, काडेपेटी, मेणबत्ती, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची मोठी बाटली, चादर, डास घालवायची अगरबत्ती, रोजच्या गोळ्या आणि सुका खाऊ. सरकारी पिशवीतल्या पेनावर भरवसा ठेवू नका.

आदल्या संध्याकाळी

केंद्रावर पोचल्यावर आधी खोली बघा आणि बाकं सरकवा. मतदाराने एका दारातून यावं आणि दुसऱ्या दारातून जावं. एकच दार असेल तर दोरी बांधून दोन वाटा करा. पुठ्ठ्याचा मतदान कक्ष खिडकीला पाठ लागेल असा ठेवू नका, बाहेरून कुणी डोकावेल. डोक्यावर थेट दिवा नको, मतपत्रिकेवर अंधारही नको. केबल पायात येता कामा नये, पण कंट्रोल युनिटपासून मतदान कक्षापर्यंत ती दिसत राहिली पाहिजे. यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी मतदान थांबत नाही. अडचण होते ती फक्त यादीतली नावं वाचायची.

प्रतिनिधींची बाकं अशी मांडा की त्यांना मतदाराचा चेहरा आणि यादीवाला दिसेल, मतदान कक्षातलं काही दिसणार नाही.

मग जेवायच्या आधी कागद. जे नमुने आधी भरता येतात ते भरून टाका: केंद्राचं नाव, क्रमांक, यंत्रांचे नंबर, तारीख. लिफाफ्यांवरही लिहून ठेवा. संध्याकाळी साडेपाचनंतर हात थकलेले असतात, बाहेर गाडीवाला हॉर्न देत असतो आणि प्रतिनिधींना प्रत हवी असते. त्या वेळी प्रत्येक कोऱ्या रकान्याला दुप्पट वेळ लागतो.

गावात मुक्काम असेल तर हमखास कुणीतरी येतं, 'मॅडम, जेवायला घरी चला.' गोड नकार द्या. ज्याच्या घरी जेवाल तो कुणाचा तरी मामा किंवा चुलता असतोच. शाळेतल्या शिपायाला, अंगणवाडीच्या ताईंना पैसे देऊन जेवण सांगा, किंवा डबा न्या. महिला कर्मचाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाची सक्ती नसते. पण मग पहाटे वेळेत पोचायची सोय स्वतः नीट बघावी लागते. मुक्काम करणार असाल तर शौचालयाला आतून कडी आहे का आणि पाणी आहे का, हे उजेड असतानाच बघून ठेवा. यात लाजायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी बारा तास तुम्ही तिथेच असणार.

अभिरूप मतदान

मतदान बहुतेक ठिकाणी सकाळी साडेसातला सुरू होतं. त्याआधी, साधारण साडेसहाच्या सुमारास, अभिरूप मतदान घ्यावं लागतं. सगळे त्याला मॉक पोल म्हणतात. प्रतिनिधी आले नाहीत तर थोडी वाट बघा, पण किती वेळ थांबायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्यापलीकडे थांबू नका.

आधी रिकामं यंत्र दाखवा: 'टोटल' दाबून शून्य. मग प्रतिनिधींना प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढचं बटण दाबायला सांगा, 'वरीलपैकी एकही नाही' या बटणासकट. कुणाला किती मतं टाकली ते कागदावर लिहून घ्या. 'क्लोज', 'रिझल्ट', कागदाशी मेळ, मग 'क्लिअर'. हा क्रम मंत्रासारखा म्हणा. 'क्लिअर' झाल्यावर पुन्हा 'टोटल' दाबून शून्य दाखवा, आणि तो शून्य प्रत्येक प्रतिनिधीला वाकून बघायला लावा.

कामाच्या गडबडीत 'क्लिअर' राहून गेलं की काय होतं याच्या गोष्टी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, आणि तरी कुठे ना कुठे ते राहतं. मॉक पोलची मतं खऱ्या मतांत मिसळली की संध्याकाळचा आकडा फुगतो, आणि तो का फुगला हे सिद्ध करणं केंद्राध्यक्षाच्या बोडक्यावर येतं. मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'क्लिअर केलं? किती वाजता?' असं लिहून कंट्रोल युनिटखाली ठेवते आणि वेळ टाकल्यावरच तो कागद उचलते. सहकारी हसतात. हसू देत.

यानंतर हिरव्या कागदी मोहरेवर प्रतिनिधींच्या सह्या घ्या, यंत्र मोहरबंद करा, केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत नोंद करा. साडेसातला दार उघडायचं.

तीन टेबलं

मतदान अधिकारी क्रमांक एकसमोर चिन्हांकित यादी असते. मतदार येतो, ओळखपत्र दाखवतो. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना अशी आयोगाने ठरवलेली पर्यायी कागदपत्रं चालतात. पक्षाच्या माणसाने दिलेली चिठ्ठी ही ओळख होत नाही, ती फक्त अनुक्रमांक शोधायला बरी. अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं. हे मोठ्याने वाचणं प्रतिनिधींसाठी असतं, आक्षेप घ्यायचा तर त्यांना त्याच क्षणी घेता यावा म्हणून. हळू आवाजाच्या माणसाला या टेबलावर बसवू नका.

काही नावांपुढे दोन तारे दिसतील. ही संभाव्य दुबार नावं. अशा मतदाराकडून 'मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही, करणार नाही' असं हमीपत्र घ्यायचं असतं. रांग अडते, लोक चिडतात. म्हणून रात्रीच यादी चाळून अशी नावं एका कागदावर उतरवून ठेवा आणि हमीपत्राचे कोरे नमुने हाताशी ठेवा.

क्रमांक दोनकडे नोंदवही, स्लिपा आणि शाई. डाव्या हाताची तर्जनी. स्थानिक निवडणुकांत शाईच्या बाटलीऐवजी मार्कर बरीच वर्षं वापरात होता. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं तेव्हा 'खूण पुसली जाते' म्हणून मोठा गदारोळ झाला होता. हाती मार्कर असेल तर नखावर आणि नखाच्या वरच्या कातडीवर तीन-चार वेळा दाबून घासायचा. नुसती रेघ ओढू नका. बोटाला तेल किंवा मेण लावलेलं दिसलं तर आधी पुसून घ्या. खूण झाली की मतदाराला बोट पुसू देऊ नका आणि सही किंवा अंगठा तोवर उरकून घ्या, म्हणजे वाळायला वेळ मिळतो.

क्रमांक तीन स्लिप घेतो आणि मतदाराचं यंत्र चालू करणारं 'बॅलेट' बटण दाबतो. हे काम सोपं वाटतं म्हणून नवख्याला देतात. खरं तर इथे सगळ्यात शांत माणूस हवा. त्याने नोंदवहीच्या क्रमानेच स्लिपा घ्यायच्या आणि आधीच्या मतदाराचं मत पुरं झाल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. कानही उघडे हवेत. सगळ्या जागांची मतं देऊन झाली की लांब बीप वाजते. ती वाजेपर्यंत मतदाराला बाहेर जाऊ देऊ नका.

यासाठी आत पाठवतानाच प्रत्येकाला सांगायचं, रोज नव्याने सांगतोय अशा आवाजात: "काकू, आत चार बटणं दाबायची, प्रत्येक रंगात एक. नको असेल तिथे शेवटचं 'एकही नाही'चं बटण. बीप वाजली की या." एका बाईंनी पहिलं बटण दाबलं आणि थेट चपला घालायला निघाल्या. क्रमांक तीनवरचे आमचे सर दारापर्यंत धावले. "बाई, अजून तीन राहिलीत." त्या म्हणाल्या, "एवढं एकच द्यायला आले होते." सरांनी पुन्हा आत पाठवलं. कक्षात कुणी शिरायचं नाही, बोट दाखवून 'हे दाबा' म्हणायचं नाही. बाहेर ठेवलेल्या नमुना मतपत्रिकेवर समजावायचं आणि थांबायचं.

दर दोन तासांनी वही, स्लिपा, यंत्र

साडेनऊ, साडेअकरा, दीड, साडेतीन. या वेळांना झालेल्या मतदानाचा आकडा, पुरुष-स्त्री वेगळा, वर कळवावा लागतो. बहुतेक केंद्रांवर एक माणूस यादीवरच्या खुणा मोजून आकडा सांगतो आणि विषय संपतो. मी त्या वेळी तीन आकडे बघते: नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, गोळा झालेल्या स्लिपा आणि यंत्राचं 'टोटल'. दोन मिनिटं लागतात.

एका दुपारी वहीत २१४ होते, यंत्रात २१३. स्लिपाही २१३. म्हणजे यंत्र बरोबर, कुणीतरी सही करून बटण न दाबताच गेलंय. स्लिपा क्रमाने लावल्या तर १८७ नंबरची नव्हती. वहीत १८७ वर एका आजोबांचा अंगठा. शिपायाला बाहेर पाठवलं. आजोबा शाळेच्या पडवीत बाकावर बसले होते, स्लिप बंडीच्या खिशात. "चिन्हं दिसंनात, म्हणून सुनेला चष्मा आणायला धाडलंय." सून आली, चष्मा आला. प्रतिनिधींसमोर स्लिप तपासून आजोबांना आत सोडलं, दैनंदिनीत दोन ओळी लिहिल्या. पुढच्या फेरीला वही आणि यंत्र जुळलं.

हेच साडेपाचला कळलं असतं तर आजोबा घरी जेवून झोपलेले असते आणि मी कागदावर 'फरक १' लिहून त्याचं कारण शोधत बसले असते. स्लिपा नुसत्या डब्यात टाकू नका. पन्नास-पन्नासच्या गड्ड्या करून रबर लावा.

नेहमीच्या अडचणी

'माझ्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय.' असा माणूस आला की त्याच्याशी वाद घालू नका. ओळख पटवा. तो खरा असेल तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही. प्रदत्त मतपत्रिका द्यायची, ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची आणि त्याची वेगळी यादी करायची. त्याचा राग योग्यच असतो. एक ग्लास पाणी द्या.

प्रतिनिधीने ओळखीवर आक्षेप घेतला तर पुस्तिकेप्रमाणे ठरलेली रक्कम भरून घ्या, पावती द्या आणि केंद्राध्यक्षाने तिथेच छोटी चौकशी करून निर्णय द्या. 'हा दुसऱ्या पार्टीचा आहे' हे आक्षेपाचं कारण होत नाही.

अंध किंवा फारच थकलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांवरचा हवा आणि एका दिवसात एकाच मतदाराचा. गावात एखादा उत्साही तरुण सकाळपासून पाच आज्यांचा नातू होऊन येतो. त्याचं नाव सोबत्यांच्या यादीत लिहिलेलं असलं की दुसऱ्या खेपेला ओळखू येतो.

यंत्र अडलं तर आधी केबल बघा. बऱ्याच वेळा ती नीट बसलेली नसते. तरी चालेना तर क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन करा, राखीव यंत्र येतं. बंद पडलेल्या यंत्रातली मतं जात नाहीत. ते प्रतिनिधींसमोर मोहरबंद करून ठेवायचं, वेळ लिहायची आणि नव्या यंत्रावर पुन्हा अभिरूप मतदान घ्यायचं. रांगेतल्या लोकांना बाहेर जाऊन स्वतः सांगा. आत कुजबुज सुरू ठेवली की बाहेर दहा मिनिटांत अफवा तयार होते.

मोबाइल आत नाही. मतदारांचा नाही, प्रतिनिधींचाही नाही. शंभर मीटरच्या आत प्रचार नाही. हे पोलिसांकडून करवून घ्या, स्वतः बाहेर जाऊन हुज्जत घालू नका.

प्रतिनिधी म्हणून बसणार असाल तर

उमेदवाराने सही केलेलं नेमणूकपत्र घेऊन मॉक पोलच्या आधी या. उशिरा आलात तर शून्य बघायचा हक्काचा क्षण हुकतो. यंत्रांचे नंबर, मोहरेचा नंबर आणि दोन-दोन तासांचे आकडे स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. आत बसून मतदारांना नमस्कार-चमत्कार, खुणा, चिन्हाचा उल्लेख करू नका. संध्याकाळी मतांच्या हिशेबाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मोजणीच्या टेबलावर पहिलं काम तिचंच असतं. जेवायला जाताना बदली माणूस बसवा. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकाच डब्यात जेवताना मी कितीदा तरी पाहिलंय, त्याला माझी हरकत नसते.

साडेपाच आणि पुढे

साडेपाचला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत द्यायचा हक्क आहे. केंद्राध्यक्षाने स्वतः बाहेर जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे अशा क्रमाने सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, एक नंबर शेवटच्याला. पुढून वाटत गेलात तर तुम्ही मागे पोचेपर्यंत रांगेला शेपूट फुटतं.

शेवटचं मत झालं की 'टोटल' बघा, आकडा मोठ्याने सांगा, लिहून घ्या आणि मग 'क्लोज'. केबल काढा, युनिटं पेट्यांत ठेवा, पेट्यांना टॅग आणि लाखेचं सील लावा. लाख वितळवताना मेणबत्ती यादीपासून लांब ठेवा. मतांचा हिशेब भरा: वहीप्रमाणे किती, मत न देता किती गेले, यंत्रात किती. दुपारपासून जुळवत आला असाल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. फरक असेल तर तो लिहा. आकडा ओढूनताणून जुळवायला जाऊ नका. प्रतिनिधींना प्रती द्या आणि मिळाल्याच्या सह्या घ्या.

सांविधिक लिफाफे आधी आणि केंद्राध्यक्षाच्या हातानेच बंद करा. यादीची चिन्हांकित प्रत, नोंदवही, प्रदत्त मतपत्रिका यांची ताटातूट होऊ देऊ नका. बाकीचे कागद एकाने वाचून दाखवायचे आणि दुसऱ्याने टिक करायची. खोली सोडण्यापूर्वी बाकाखाली, फळ्यामागे आणि कोपऱ्यात बघा. एकदा आमचं पितळी सील खडूच्या डब्यात सापडलं होतं.

संकलन केंद्रावर जत्रा असते. ज्या टेबलावर यंत्र जमा होतं तिथे आधी उभे राहा, लिफाफे नंतर. काही कमी निघालं तर टेबलावरचा माणूस 'नंतर बघू' म्हणेल. तसं करू नका, तिथेच शोधा. टीममधल्या कुणाला तोवर घरी पाठवू नका, तो कागद नेमका त्याच्या पिशवीत असतो. सगळं जमा झाल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, उजेडात धरून तिच्यावरचे यंत्रांचे नंबर वाचा, फोटो काढा. भत्त्याच्या यादीवर सही करताना बँक खात्याचा क्रमांक तपासा. मागच्या खेपेला माझा एक आकडा चुकला होता आणि तो दुरुस्त व्हायला शाळेची वार्षिक परीक्षा आली.